ड्रॉइंग हॉल मुलांना परत द्या

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, नियामक मंडळाचे सर्व सदस्य आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला शाळेने पालकांना पाठवलेले परिपत्रक मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी दाखवले. त्यांची मुले आज याच शाळेत आहेत. दुसऱ्या मजल्यावरचा ड्रॉइंग हॉल स्पर्धा परीक्षांच्या सरावाला दिला जाणार. आठवीपर्यंत चित्रकलेचा आठवड्याला एकच तास राहणार, आणि नववी-दहावीचा तास गणित-विज्ञानाच्या जादा तयारीला जाणार. चित्रकला शिक्षकाची रिकामी जागा भरली जाणार नाही. ज्यांचा तास मोकळा असेल ते शिक्षक वर्ग सांभाळतील. आणि प्रकल्पांसाठी बाहेरच्या एका कंपनीचे तयार 'आर्ट किट' प्रत्येक पालकाने विकत घ्यायचे.

मी कार्यालयात पत्र दिले, भेट मागितली. निर्णय झालेला आहे, एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही, आणि हा प्रश्न एकट्या आपल्या शाळेचा आहे असेही मला वाटत नाही.

मी या शाळेत चित्रकलेची बाई होते. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून इथे लागले आणि इथूनच निवृत्त झाले. माझ्या जागेवर कोणीतरी तरुण, माझ्यापेक्षा नवे काही येणारे माणूस येईल आणि मी घालून दिलेले निम्मे मोडून आपले काही उभे करील, अशा अपेक्षेने मी हॉलची किल्ली कार्यालयात दिली होती. त्या किल्लीने आता तिथले टेबल बाहेर काढले जात आहेत. माझा या पत्रातला संबंध इतकाच आहे, आणि तो थोडा नाही.

आधी हॉलविषयी सांगते, कारण तो म्हणजे नुसती एक मोठी खोली आहे अशी समजूत झालेली दिसते. त्याच्या खिडक्या उत्तरेला आहेत. उत्तरेचा उजेड दिवसभर जवळपास सारखा राहतो, वस्तूवरची सावली तासाभरात सरकत नाही. मातीचा माठ, तांब्या आणि खाली सुरकुतलेले कापड मांडून मुलाला स्थिरचित्राला बसवले, तर त्याने सुरुवातीला पाहिलेली छाया शेवटापर्यंत जागेवर असते. हॉलमध्ये मोरी आहे, दोन नळ आहेत. टेबल सपाट आहेत. वर्गातल्या उतरत्या बाकांवर पाण्याचा डबा ठेवताच येत नाही. ओली चित्रे वाळत घालायला दोऱ्या आहेत, आणि अर्धवट राहिलेले काम पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवायला फळ्या आहेत. या फळ्या मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात. ज्या शाळेत अर्धवट काम ठेवायला जागा नसते, तिथे मुलांना एका तासात संपेल तेवढेच करायला दिले जाते.

तिथे काय होत असे, हे मंडळातल्या नव्या सदस्यांना कदाचित माहीत नसेल.

सातवीच्या मुलांना मी विश्रामबागवाड्याला नेत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला हा वाडा आपल्या मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे, तरी त्याच्या दर्शनी भागाचे लाकडी कोरीवकाम त्यांनी कधी नीट पाहिलेले नसे. प्रत्येकाने एकच तुकडा निवडायचा आणि जागेवर उभे राहून तो वहीत उतरवायचा: एखादे फूल, खांबाचा माथा, सज्ज्याखालची वेल. मोबाइलवर फोटो काढायचा नाही. शाळेत आल्यावर तोच तुकडा लिनोवर, म्हणजे ठसे घेण्यासाठी कोरायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरायचा. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ पडतो. कोरणी हातापासून दूर ढकलायची आणि दुसरा हात कायम तिच्या मागे ठेवायचा, हे पहिल्या दिवशी दहादा सांगावे लागते. मग शाई लावून पहिला ठसा निघतो, आणि वर्गात गडबड उडते, कारण सगळे उलटे आलेले असते. डावीकडे वळणारी वेल उजवीकडे वळलेली असते. नाव कोरले असेल तर ते वाचता येत नाही. मी मुद्दाम आधी सांगत नसे. एका मुलाने आपले रेखाचित्र खिडकीच्या काचेवर उलटे धरले आणि मागून दिसणाऱ्या रेषा गिरवल्या; मग सगळा वर्ग खिडकीपाशी गेला. आणखी एक गोष्ट त्यांना तिथेच उमगते. लिनोत जे कोरून काढू ते कागदावर पांढरे राहते, म्हणजे विचार आता काळ्याचा करायचा नाही, मोकळ्या राहणाऱ्या जागेचा करायचा. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. शेवटी सगळे ठसे एका लांब कागदी पट्टीवर शेजारी शेजारी घेतले की वाड्याची दर्शनी बाजू मुलांच्या हातांनी पुन्हा उभी राहते, कुठे वाकडी, कुठे शाई कमी लागलेली, पण त्यांनी पाहिलेली.

आठवीला पाताळेश्वर. आठव्या शतकात एकाच बेसाल्ट खडकात कोरलेल्या या लेण्यासमोर गोल नंदीमंडप आहे. मुलांना ठाऊक असते की तो गोल आहे, म्हणून ती कागदावर गोलच काढतात. मग हात सरळ ताणून, पेन्सिल डोळ्यासमोर आडवी-उभी धरून मोजायला लावायचे. आपण बसलो आहोत तिथून त्या गोलाची उंची त्याच्या रुंदीच्या किती पट दिसते? आपल्याला ठाऊक असलेले आणि डोळ्याला दिसत असलेले यांत केवढी तफावत असते, हे तिथे पटते. भूमितीच्या तासाला लंबवर्तुळ येते तेव्हा ही मुले ते ओळखतात. पण मी हे गणितासाठी करत नव्हते. पाहणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती शिकवावी लागते, म्हणून करत होते.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात मुलांना सर्वाधिक आवडत ते अडकित्ते. एक निवडायचा, मोठा करून काढायचा, त्याची खीळ कुठे आहे आणि दाब कुठून कुठे जातो ते शोधायचे, आणि मग पुठ्ठ्याचा एक उघडमीट होणारा पक्षी किंवा प्राणी करायचा. पुठ्ठा दुमडतो, खीळ सैल होते, चोच बंदच होत नाही. पुन्हा करायचे. कसब्यातल्या तांबट आळीत गेलो तर कारागिरांनी मुलांना मठारकाम दाखवले. हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला लागून पडावा लागतो, आणि त्या ठोक्यांनीच तांब्याला बळकटी येते, चकाकी येते. त्या दिवशी परत आल्यावर वर्गातल्या सर्वांत उतावळ्या मुलानेही आपली छटा सावकाश, रेघेला रेघ लावून भरली.

आता आपल्या निर्णयाविषयी माझ्या तक्रारी.

पहिली किटविषयी, कारण तिच्यात सगळ्यात मोठे नुकसान आहे. मी ते किट मागवून घेतले आणि उघडून पाहिले. आधीच कापलेले लाकडी तुकडे, त्यांवर आकडे, छापील रेषा, रंगांच्या पाच कुप्या आणि कुठे कोणता रंग भरायचा त्याचा तक्ता. मुलाने काय ठरवायचे आहे? आकार ठरलेला, रंग ठरलेला, मागेपुढे काय ते ठरलेले. साठ मुलांच्या वर्गात साठ एकसारख्या वस्तू तयार होतील आणि गॅदरिंगच्या दिवशी टेबलावर त्या फार नीटनेटक्या दिसतील. पण त्यांतल्या एकाही वस्तूवरून शिक्षकाला मूल कळणार नाही. कोणाला रंग मिसळता येतो, कोण जागा रिकामी सोडायला घाबरते, कोणाच्या रेषेत जोर आहे, कोणाला चष्म्याची गरज आहे, हे मला मुलांच्या कामातून कळायचे. किटमध्ये चुकायलाही जागा नाही. पिवळ्यात निळा जास्त पडला आणि हिरवा काळपट झाला, तर त्यातून मूल शिकते; तयार हिरव्या कुपीतून काहीच शिकत नाही.

त्याच किटमध्ये 'वारली' नावाचे एक पान आहे. त्रिकोणी माणसांचे स्टिकर बाहेरच्या बाजूने चिकटवायचे. वारली चित्रकला पालघर-ठाण्याकडच्या वारली समाजाची आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती काढली जाते, लग्नाच्या वेळी भिंतीवर काढलेल्या चौकोनी चित्राला, म्हणजे चौकाला, तिथे देवकार्याचा मान असतो, आणि त्याच परंपरेतल्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याच राज्यातल्या लोकांची ही कला मुलांना शिकवायची तर त्यांना निदान गेरू कालवू द्या, बांबूची काडी ठेचून तिची कुंचली करू द्या, आणि ही चित्रे कोणाची आहेत, कधी आणि का काढतात, ते सांगा. स्टिकर चिकटवून त्या समाजाविषयी मुलाच्या मनात काहीच उरत नाही.

दुसरी तक्रार तासाची. पस्तीस मिनिटांच्या एका तासात वर्ग हॉलपर्यंत जाणे, पाणी भरणे, मांडामांड आणि शेवटी ब्रश धुणे यांतच निम्मा वेळ जातो. शाडू मळून त्यातली हवा काढायलाच एवढा वेळ लागतो. हवा राहिली तर भांड्यात पोकळ्या राहतात, आणि जाडी कमीजास्त झाली तर वाळताना ते तडकते. चित्रकलेला जोडतास लागतो. हे पूर्वीच्या वेळापत्रकात होते आणि कोणत्याही विषयाचे त्यामुळे वाकडे झाले नाही.

तिसरी, शिक्षकाची. ज्यांचा तास मोकळा आहे ते शिक्षक वर्ग घेतील, असे परिपत्रकात म्हटले आहे. माझ्या सहकाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण संस्कृतचे सर मोकळे आहेत म्हणून त्यांना रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आपण सोपवत नाही. कोरण्या, कातऱ्या, भट्टी आणि साठ मुले एका खोलीत सांभाळणे हे प्रशिक्षणाचे काम आहे. मुलाच्या अर्धवट चित्रासमोर उभे राहून कधी बोलायचे आणि कधी गप्प राहायचे, तेही प्रशिक्षणाने आणि सरावाने येते. मोकळ्या तासाचे शिक्षक काय करतील ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 'आवडते चित्र काढा' असे सांगून वह्या तपासत बसतील, आणि त्यांच्यावर आधीच असलेला भार पाहता मी त्यांना दोष देणार नाही.

चौथी, थोडक्यात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची तयारी यापुढे शाळा सुटल्यावर, बाहेरच्या क्लासमार्फत, वेगळी फी घेऊन होणार असे मला सांगण्यात आले. कला संचालनालयाच्या या परीक्षांना बसण्याची फी पालक देतातच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सगळे शाळेतल्या तासांतच तयार होत असे. आता ज्याचे वडील रिक्षा चालवतात, त्या मुलाने काय करायचे? दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांकडे तेवढे लक्ष आणि मूळ विषयाकडे एवढी पाठ, हेही मला पटत नाही.

पालकांना गुण हवे आहेत, असे मला सांगितले गेले. हवेच आहेत. मी पालकांवर रागावलेली नाही. आजच्या प्रवेशाच्या धावपळीत त्यांना वाटणारी भीती खरी आहे. पण पालकांना विचारले गेले का? पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा विषय मांडला गेला नाही, असे दोन सदस्यांनी मला सांगितले. मुलांना तर कोणीच विचारले नाही.

दुसरे कारण दिले जाते ते खर्चाचे. शाडूची पोती, जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याचे खोके, गव्हाच्या पिठाची खळ, गेरू, कोळसा, भेंडी-बटाट्याचे ठसे: माझ्या वर्गाचा बराचसा संसार यावर चालायचा. न भाजलेली माती पुन्हा भिजत घातली की पुन्हा वापरता येते. तीच माती आम्ही वर्षभर फिरवायचो. लिनो आणि शाई तेवढी विकत घ्यावी लागे. प्रत्येक पालकाकडून किटचे जे पैसे घेतले जाणार आहेत, त्यांच्या छोट्याशा भागात सगळ्या शाळेचे साहित्य येईल. याच पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार मुलांच्या हातात दिले. विज्ञान शिकायलाही हाताने करून पाहावे लागते, हे या शहराला नव्याने सांगण्याची गरज पडू नये.

आणि चित्रकला ही पुण्याला बाहेरून आलेली हौस आहे असे कोणी समजू नये. १७९० च्या दशकात, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा चालत होती. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिच्याशी जोडलेला होता. गंगाराम तांबट नावाचा मराठी चित्रकार तिथे तयार झाला. त्याने वेरूळची लेणी समोर बसून रेखाटली, आणि त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. आपल्या शाळेतून निघालेले मूल चालत शनिवारवाड्याला पोहोचते. गंगारामाचे नाव त्याला शाळेत कळले पाहिजे, आणि त्याने जे केले ते करून पाहायला एक जागाही मिळाली पाहिजे.

कायद्याचा आणि धोरणांचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण माझे म्हणणे त्यावर अवलंबून नाही. तरी तो आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरापेक्षा जास्त असेल तर कला शिक्षणासाठी, आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत असे स्पष्ट म्हटले आहे. आपली पटसंख्या त्याहून कितीतरी अधिक आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या कला विषयाच्या गटाने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातले आणि अभ्यासाबाहेरचे, यांच्यात कडक भिंती नसाव्यात असे लिहिले आहे. आपल्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर याच धोरणाचा उल्लेख आहे. मग त्याप्रमाणे वागावे, ही अपेक्षा गैर नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ड्रॉइंग हॉल चित्रकलेसाठीच राहावा. सरावाचे वर्ग सकाळी किंवा शाळा सुटल्यावर दुसऱ्या खोल्यांत घेता येतील. उत्तरेच्या खिडक्या आणि मोरी असलेली दुसरी खोली शाळेत नाही.

चित्रकला शिक्षकाची जागा पूर्णवेळ, जाहिरात देऊन, याच वर्षी भरावी. नेमणूक होईपर्यंत कायद्याला धरून अंशकालीन निदेशक घ्यावेत.

पाचवी ते आठवीला आठवड्यातून एक जोडतास द्यावा. नववीला निदान पंधरवड्यातून एक द्यावा. दहावीचे काय करायचे ते नव्या शिक्षकाशी आणि पालकांशी बोलून ठरवा. तिथे मी अडून बसणार नाही.

किटची सक्ती मागे घ्यावी. ज्या पालकांनी पैसे भरले आहेत त्यांना ते परत करावेत. साहित्यासाठी शाळेच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी आणि ती किती आहे ते पालकांना कळवावे.

प्रत्येक इयत्तेला वर्षातून एकदा तरी शहरातल्या एखाद्या वास्तूत, संग्रहालयात किंवा कारागिराकडे न्यावे, आणि तिथून सुरू झालेला एक प्रकल्प पूर्ण सत्र चालू द्यावा. वार्षिक प्रदर्शनात तयार वस्तूंसोबत कच्ची रेखाटने आणि फसलेले ठसेही लावावेत. पालकांनी ते एकदा पाहिले, तर गुणांविषयीची त्यांची काळजी जाणार नाही, पण मूल शाळेत काय करते याची त्यांना कल्पना येईल.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या शिक्षकाकडून व्हावी.

नियामक मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधींसमोर घ्यावा, आणि मला बोलण्यासाठी पंधरा मिनिटे द्यावीत. मी मुलांची कामे घेऊन येईन: लिनोचे ठसे, पुठ्ठ्याचे पक्षी, पाताळेश्वरच्या वह्या. मंडळाने ती हातात घेऊन पाहावीत आणि शेजारी ते किटही ठेवावे. नवे शिक्षक येईपर्यंत वर्ग घ्यायला मी विनावेतन तयार आहे, मात्र माझ्या येण्याचा उपयोग नेमणूक लांबवण्यासाठी होऊ नये.

हॉलमधले टेबल आणि फळ्या अजून जिन्याखाली रचून ठेवल्या आहेत, असे कळते. सभा होईपर्यंत त्या भंगारात देऊ नयेत आणि मोरी बुजवू नये, एवढी विनंती तातडीची समजावी. बाकीच्या मागण्यांवर दिवाळीच्या सुट्टीआधी लेखी उत्तर मिळावे.

आपली,
शाळेची निवृत्त चित्रकला शिक्षिका
पुणे